इवाईंनी आणलेले मागचे स्प्रिंग

इवाई, माह्या दारात तुम्ही न सांगता एकदाच आले, अन् ते पोतं घेऊन आले. मुलाकडचा माणूस मुलीच्या बापाकडं येते तेव्हा आधी फोन येते, घरात पोहे भिजतात, मी धुतलेला शर्ट घालतो. तुम्ही आले तेव्हा मी बनियनवर अंगणातला कडुलिंबाचा पाला झाडून राह्यलो होतो. एस्टी कधी येऊन गेली तेही मले कळलं नाही. तुम्ही फाटक लोटलं, पोतं खाली ठेवलं, आत लोखंड वाजलं, अन् मले भेव वाटलं.

वाटणारच ना बाप्पा. वैशू माह्याकडं येऊन बसलेली. तुमची सून, माही एकुलती एक पोरगी, संक्रांतीच्या आधी एक बॅग घेऊन आली अन् ‘मले तिथं राहायचं नाही’ एवढंच बोलली. काहून म्हणून विचारलं की तोंड फिरवे. मायजवळ काही बोलली असंल तर तिची मायही मले सांगत नव्हती. नीलेशचा, तुमच्या पोराचा, फोन येई. आधी गोड बोले, मंग आवाज चढवे. गल्लीतले लोक हसून विचारत, पोरगी लय दिवस राह्यली बुवा, काही गोड बातमी आहे का. मी त्याहून जास्त हसे अन् घरात येऊन डोस्कं धरून बसे. त्या दिवशी तुम्ही नुसतं ‘सुनेले पाठवा’ म्हणले असते तर संध्याकाळच्या आत तिची बॅग भरल्या गेली असती. मुलाच्या बापाच्या शब्दापुढं मुलीच्या बापाचं काय चालते? तुम्ही बोलाल तसं माह्या पोरीचं होणार होतं, अन् तुम्ही काय बोलता म्हणून मी खराटा धरून उभा होतो.

तुम्ही म्हणले, "तुमच्या गाडीचं मागचं बसलं आहे. दिवाळीतच पाह्यलं होतं मी."

पोत्यात माह्या जुन्या चारचाकीसाठी मागचे दोन नवे स्प्रिंग होते. महागाववरून निघून, यवतमाळात उतरून, दुकानातून ते घेऊन, दुसरी बस धरून तुम्ही बाभुळगावले आले होते. गाडीबद्दल तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. तुरीचे पोते, सरकीचे पोते, पाव्हणेरावळे, सगळं तिनंच वाह्यलं. मागून पाह्यली तर बसल्या म्हशीसारखी दिसे. स्प्रिंगच्या वेढ्यात जुन्या टायरचा तुकडा कोंबून मी दिवस काढून राह्यलो होतो. पण सुनेचा प्रश्न असा पेटलेला असताना सासरा स्प्रिंग घेऊन येते, याचा अर्थ माणसानं लावावा तरी काय? मले वाटलं, आधी काम करून उपकारात ठेवतील, जेवताना तोंड उघडतील, अन् मंग मले नाही म्हणता येणार नाही.

वैशूनं पाणी आणलं, तुमच्या पाया पडली. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. ती आत गेली अन् दरवाजा अर्धा लोटून घेतला. तुम्हाले ते दिसलं, मले ते तुम्हाले दिसलेलं दिसलं, अन् दोघंही गाडीकडं पाहाले लागलो.

तुम्ही स्वतःच स्प्रिंग बसवाले निघाले हे माह्या बायकोले पटलंच नाही. इवायाले पाट द्यावा, टोपी-टॉवेल द्यावा, त्याच्या ताटात आधी वाढावं. त्याले गाडीखाली लोळवते का कोणी? मी म्हणलो लोहाऱ्याले माह्या वळखीचं गॅरेज आहे, उद्या नेऊन लावतो. तोपर्यंत तुमचा शर्ट कडुलिंबाच्या खिळ्याले टांगल्या गेला होता. जिंदगीभर ट्रॅक्टर घरीच खोलला, हे त्याच्यापुढं काय आहे, असं म्हणत तुम्ही जॅक मागतला.

माह्याकडं मोडलेल्या बंडीच्या चाकांचे दोन तुंबे पडून होते. चाकाच्या मधात असते तो बाभळीचा जाड ठोकळा, हत्तीनं पाय दिला तरी फुटणार नाही असा. गाडी मागून जॅकनं उचलली, अंगाखाली दोन्हीकडून तुंबे देले, त्यावर टेकवली, चाकं काढली. आता अ‍ॅक्सलखाली, मागच्या दोन चाकांमधल्या दांड्याखाली, जॅक धरून शॉकअपचा खालचा बोल्ट काढायचा, जॅक हळूहळू उतरवायचा. अ‍ॅक्सल खाली येते, स्प्रिंग ढिला होते, हातानं निघते. काम काही अवघड नाही. फक्त गाडी जागची हलली नाही पाहिजे.

अन् तिथंच तुम्ही चुकले, इवाई. तुम्ही हातब्रेक ओढला, झालं म्हणले अन् गाडी उचलली. हातब्रेक मागच्या चाकाले असते. मागचीच चाकं काढून ठेवल्यावर तो धरणार कोणाले? पुढच्या चाकांले दगड पाहिजे होते, गाडी गिअरमध्ये पाहिजे होती. तुम्ही ती न्यूट्रलमध्ये सोडली. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माही उमर मशिनी खोलण्यात गेली, खाली हात घालाच्या आधी ती हलणार नाही हे पाहाचं, हे मले झोपेत विचारा. त्यात गाडीचं तोंड फाटकाकडं, अन् माह्या अंगणाले तिकडंच उतार. पाणी वाहून जावं म्हणून मीच ठेवला आहे.

मले सगळं दिसून राह्यलं होतं अन् माही जीभ उचलत नव्हती. ‘इवाई, जरा दगड लावतो’ एवढं म्हणाले काय लागते? पण मुलीचा बाप मुलाच्या बापाले तुमचं चुकलं असं म्हणत नाही. लग्नात तुमच्याकडचे लोक वरण आळणी म्हणले तेव्हा मी हात जोडून माफी मागतली, अन् मीठ तर बरोबर होतं. त्या दिवशी तुमचा मूड गेला, शर्ट घालून तुम्ही निघाले, घरी जाऊन म्हणले की सुनेचा बाप लय शहाणा झाला, तर माह्या पोरीचं काय? मी हळूच एक वीट घेऊन पुढच्या चाकाकडं गेलो. तुम्ही खालून म्हणले, तिकडं काय करता, पाना द्या. मी वीट तशीच बाजूले ठेवली अन् पाना देला.

पहिली बाजू झाली. जुना स्प्रिंग निघाला तेव्हा त्याच्यातला माहा टायरचा तुकडा पाहून तुम्ही पोट धरून हसले. नवा घातला, वरचं रबर बसवलं, खालचं टोक त्याच्या खाचेत आलं का ते तुम्ही बोटानं चाचपून पाह्यलं. तोंड सारखं चालू. महागावकडचं सोयाबीन, रानातल्या रोह्यांच्या कळपानं खाल्लेला हरभरा, तुमच्या गुडघ्याचं दुखणं. माहं ध्यान दोन जागी. एक डोळा तुंब्यावर, एक कान तुमच्या तोंडाकडं. तुमचं वाक्य संपलं की वाटे, आता काढतील वैशूची गोठ. तुम्ही दुसरंच काढत. खरं सांगू, इवाई, मले तुमचा लय राग आला होता. निकाल द्याचा तर देऊन टाका ना, माणसाले असं टांगून काहून ठेवता.

दुसऱ्या बाजूचा बोल्ट गंजलेला. तुम्ही पान्याले पाइप लावला, पाठीवर सरकून पार आत गेले अन् दोन्ही हातांनी हिसका देला. गाडी डोलली. दुसरा हिसका देला अन् ती बोटभर पुढं सरकली. माह्याकडचा तुंबा कलला, लाकूड कुरकुरलं. तुमची छाती अ‍ॅक्सलच्या बरोबर खाली होती.

मी पुढं धावलो, बोनेटले पाठ लावली, पाय जमिनीत रोवले अन् ओरडलो, "नीघ! नीघ तिथून बुढ्या!"

बुढ्या म्हणलो मी तुम्हाले. इवायाले, माह्या अंगणात. वैशू आतून धावत आली, तुमचे पाय धरले अन् ओढलं तुम्हाले, पाठ खरचटंल का काही पाह्यलं नाही. माह्या बायकोनं धुण्याचा दगड उचलून चाकापुढं टाकला. तो तिनं कसा उचलला ते तिले अजून सांगता येत नाही. गाडी कललेल्या तुंब्यावर तशीच थांबली. मी अजून बोनेटले पाठ लावूनच होतो, वैशूनं दंड धरला तेव्हा हटलो.

तुम्ही भिंतीले टेकून बसले. कोपर सोललेलं, केसात माती. वैशू हळद आणाले आत गेली, तिची माय तिच्या मागं. मी तुमच्यापुढं हात जोडले, तोंडून गेलं म्हणलो, माफ करा. तुम्ही त्या जोडलेल्या हातांकडं पाह्यलंही नाही. तुम्ही पुढच्या चाकाजवळ पडलेल्या माह्या विटेकडं पाहून राह्यले होते.

"हातब्रेकचं तुम्हाले आधीपासून माहीत होतं?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मंग बोलले काहून नाही?"

"तुम्ही मुलाकडचे," मी म्हणलो. 

तुम्ही आतल्या दाराकडं पाह्यलं. मंग हळू आवाजात, आत ऐकू जाणार नाही असं बोलले. "मी मेलो असतो तरी तुम्ही मानपानच पाह्यला असता. उद्या तुमच्या पोरीचं काही बरंवाईट झालं, तेव्हाही आम्ही मुलाकडचे म्हणून चूप बसान का?" मी काही बोलाच्या आत तुम्ही माहं मनगट धरलं, ग्रीसच्या हातानं. "नीलेश हात उचलते तिच्यावर. मी पाह्यलं आहे. तिले पाठवू नका. मी फोन केला तरी पाठवू नका. माहा मोठा भाऊ चार पाव्हणे घेऊन येईन, तरी पाठवू नका. पाठवल्यावर काय होते ते मले माहीत आहे."

हे सांगाले तुम्ही आले होते. सकाळपासून तेच तुमच्या घशात अडकलं होतं, अन् मी समजून राह्यलो होतो की तुम्ही मले खेळवता. मुलाच्या बापानं मुलीच्या बापाकडं येऊन माहा पोरगा वाईट आहे असं म्हणाचं, हे आपल्याकडं कोणी केलं आहे? तुम्हाले कसं माहीत, पाठवल्यावर काय होते, हे मी विचारलं नाही. मले माह्या पोरीच्या पाठीवर काय असंल तेच दिसून राह्यलं होतं. तुमच्यापुढं रडलो मी. तुम्ही रडले नाही, फक्त मनगट सोडलं नाही.

हळद लावून झाली अन् मंग आपण दगड लावले, दोन्ही चाकांले, पुढूनही अन् मागूनही. गाडी गिअरमध्ये टाकली, तुंबा सरळ केला. तुम्ही म्हणले, आता बोला, काय काय चुकते ते. मंग मी कशाले सोडतो. पाना असा धरा, जॅक तिथं नको, ब्रेकचा पाइप ताणल्या जाऊन राह्यला तो पाहा आधी. इतके हुकूम सोडले की बायको खिडकीतून डोळे वटारून पाहे. शेवटचे बोल्ट मी म्हणे गाडी खाली उतरवून तिचं वजन तिच्यावर आल्यावर आवळायचे, नाही तर त्यातले रबर पिळून मरतात. तुम्ही म्हणे काही होत नाही, वरच आवळा. भांडलो आपण त्यावर, चांगले सख्ख्या भावासारखे भांडलो. माह्या लग्नानंतर घरात इतक्या मोकळ्या आवाजात मी कोणाशी भांडलो नसंल. खाली उतरवूनच आवळले मी. तुम्ही शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

जाताना फाटकात तुम्ही म्हणले, नीलेशशी मी बोलतो. त्यानंतर तुमचा फोन आला की तुम्ही विचारत, मागून आवाज येते का. मी सांगे, नाही येत, अन् विचारे, बोलले का. तुम्ही म्हणत, बोलतो, मोका पाहून बोलतो. अन् मंग एका सकाळी फोन आला तो तुमच्या नंबरवरूनच, पण आवाज तुमचा नव्हता.

तुम्ही बोलले का त्याच्याशी? मले अजूनही माहीत नाही. याचा मले राग येते, इवाई. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुमच्यावर नाही तर कोणावर रागावू? एवढी मोठी गोठ तुम्ही माह्या एकट्याच्या कानात टाकली अन् निघून गेले.

तेरवीले येतो म्हणून वैशूच हट्ट धरून बसली. तिची माय नको म्हणे, तिथं गेली की ठेवून घेतील, परत येऊ देणार नाहीत. वैशू म्हणे, मामाजींनी मले पोरीसारखं पाह्यलं, त्यांच्या तेरवीले मी नाही जाणार तर कोण जाईन. मी तिले घेऊन निघालो. रस्ता कसा आहे तुम्हाले माहीत आहे. यवतमाळ सुटल्यावर ती मागच्या सीटवर झोपली, अन् मी खड्डे चुकवत तुमच्या गावाच्या जवळजवळ जाऊन राह्यलो, अन् मनात एकच, ही आता परत माह्यासंगं येते का नाही.

जेवणं झाली. ओसरीत माणसं बसली, अन् तुमच्या मोठ्या भावानं गोठ काढली. म्हणे, मरणाऱ्याची शेवटची इच्छा होती की सून घरात यावी. आज ती आलीच आहे, आता राहू द्या, नीलेशची माय घरात एकटी बाई, तिले आधार होईन. सगळ्यांनी माना हलवल्या. नीलेश मुंडण केलेला, उतरल्या तोंडानं बसला होता. तो म्हणे, आता काही होणार नाही, मी शब्द देतो. कोणी तरी वैशूची चप्पल आत नेऊन ठेवाले सांगतलं. ती आतल्या दारात ताटं घेऊन उभी होती. माह्याकडं पाहून राह्यली होती. तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता, अन् तरी ती काही बोलत नव्हती, कारण तिनं बापालेच कधी बोलताना पाह्यलं नव्हतं.

माही जीभ पुन्हा जड झाली. खुर्चीवर तुमचा फोटो, त्याले हार. समोर सगळे मुलाकडचे.

मी उभा राह्यलो. "त्यांची ही इच्छा नव्हती," मी म्हणलो. "ते माह्या अंगणात येऊन मले म्हणले, पोरीले पाठवू नका. नीलेश मारते तिले."

काय झालं असंल ते तुम्ही ओळखा. तुमचे भाऊ ताडकन उठले, मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालतो, तेही तेरवीच्या दिवशी, लाज नाही वाटत का? तेव्हा तिथं कोण होतं, साक्षीले कोण आहे? कोणीच नव्हतं. बायको आत होती, वैशू आत होती. तुम्ही इतक्या हळू बोलले होते की भिंतीनंही ऐकलं नसंल. नीलेश माह्या अंगावर आला. माहा बाप माह्याबद्दल असं बोलूच शकत नाही, म्हणे. लोक त्याले धरून राह्यले अन् माह्याकडं असं पाहून राह्यले की हा माणूस खोटारडा आहे. मले वाटलं, गेलं. आता हे पोरीले ओढून आत नेतील अन् मी एकटा गाडी घेऊन जाईन.

तेव्हा आतून विहीणबाई आल्या. तुमच्या घरात, पुरुष बसले असताना, त्या ओसरीत आलेल्या मी कधी पाह्यल्या नव्हत्या. वैशूच्या हातातली ताटं त्यांनी घेतली, खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"ते असं म्हणले का नाही, मले माहीत नाही," त्या तुमच्या फोटोकडं हात करून तुमच्या भावाले म्हणल्या. "पण मीही माहेरी जाऊन बसली होती, अन् माह्या बापानं मले ह्याच ओसरीत आणून सोडलं होतं. तुम्हीच गेलते आणाले. बाप एस्टीत बसून गेला, अन् त्या दिवशी यांनी मले जे मारलं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. तेव्हा कोणी साक्ष मागतली नाही."

 तुमचे भाऊ खाली बसले. नीलेश मायकडं पाहून राह्यला होता, जसं तिले पहिल्यांदा पाहून राह्यला. विहीणबाई वैशूले म्हणल्या, जाय व माय, गाडीत बस. चप्पल त्यांनीच आणून तिच्या पायाजवळ ठेवली.

आता सांगा, तुमच्याबद्दल मी काय लिहू? हे लिहाले बसलो तेव्हा तुम्हाले देव करून टाकाचं असं ठरवलं होतं. पाठवल्यावर काय होते ते तुम्हाले कसं माहीत, ते मले आता कळलं. ते तुमच्या तोंडून कळाले पाहिजे होतं, त्या भिंतीले टेकून बसले होते तेव्हाच. मी रागावलो असतो, कदाचित तुम्हाले फाटकाच्या बाहेर काढलं असतं, पण तुम्ही सांगाले पाहिजे होतं. त्या बाईची तुम्ही कधी माफी मागतली का? का माह्या पोरीसाठी आले तेच तुमचं माफी मागणं होतं? तुम्ही असते तर आता मी मानपान पाह्यला नसता, तोंडावर विचारलं असतं. तुमचा तिरस्कार करावा म्हणतो तर मनगटावर तुमचा तो हात आठवते, अन् पाया पडावं म्हणतो तर विहीणबाई दिसतात. दोन्ही होत नाही माह्यानं. पण तुम्ही आले नसते तर माही पोरगी मी माह्या हातानं तुमच्या दारात सोडून आलो असतो, एस्टीत बसून निघून गेलेल्या त्या बापासारखा, हे खरं आहे, अन् हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

काल तुमच्या भावाचा फोन आला होता. पुन्हा बसू म्हणे, चार माणसं घेऊन येतो. या म्हणलो, चहा पिऊन जा. वैशू इथंच आहे, इवाई. पाठवत नाही.